अमानतायचं अर्धं ताट

तासकुदुक स्टेशनच्या रेल्वे वॅगन डेपोत जेवणाची घंटा झाली की सगळी माणसं कँटीनच्या खिडकीकडे धावायची, आणि अमानताय एकटा फळ्यासमोर उभा राहायचा. कामगारांच्या तब्येतीविषयी वरून कसलंसं फर्मान आलं होतं. तेव्हापासून खिडकीशेजारच्या पांढऱ्या फळ्यावर रोजच्या पदार्थापुढे त्याच्या कॅलरी लिहायला लागले होते. रस्सा दोनशे दहा, पुलाव चारशे ऐंशी, कोबीची कोशिंबीर नव्वद. बाकीच्यांना त्या फळ्याचा उपयोग एवढाच, की आज मांस आहे की नुसताच बटाटा हे लांबून कळावं. अमानताय मात्र ओठ हलवत बेरीज करायचा आणि मग रांगेत शेवटी जाऊन उभा राहायचा.

"काय रे, परीक्षेला बसतोयस का म्हातारपणी?" गेना ओरडायचा. गेना म्हणजे त्याचा जोडीदार. वॅगनची चाकं काढायची आणि बसवायची, हे काम दोघं इतकी वर्षं बरोबरीने करत होते की आता एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय त्यांना पाना उचलवत नसे.

अमानताय हसून वेळ मारून न्यायचा. सांगायची सोयच नव्हती.

त्याची एकुलती एक मुलगी अकमराल. बालवाडीत शिकवायची, वय तेवीस. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा शहरात जाऊन रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडून पडून राहायचं, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस हातचे. आईला, म्हणजे शोलपानला, साखरेचा आजार, त्यामुळे तिची किडनी चालणार नव्हती. बापाची जुळली. सगळं जुळलं. राजधानीतल्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, अमानतायला काट्यावर उभं केलं आणि चष्मा काढून ठेवला.

"एकशे चार! या पोटाला मी सुरी लावणार नाही. नव्वदच्या खाली या, मग बघू. आणि बर्फ पडायच्या आत या. तिच्याकडे फार वेळ आहे असं समजू नका."

मुलीच्या जिवात आणि त्याच्यात चौदा किलो चरबी आडवी आली होती, आणि ती त्याची स्वतःचीच होती. परतीच्या गाडीत तो बराच वेळ आपल्या पोटाकडे बघत बसला होता. एखाद्या शत्रूकडे बघावं तसा.

घरी आल्यावर शोलपानने दोघांना बजावलं, बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. आमच्याकडे दृष्टीपेक्षा जीभ वाईट लागते. होऊ घातलेली चांगली गोष्ट चार तोंडांत गेली की ती फिसकटलीच. त्यामुळे अकमराल आजारी आहे हे सगळ्या स्टेशनला ठाऊक होतं, पण बाप तिला किडनी देणार आहे आणि त्यासाठी पोट मारतोय, हे त्या तिघांपलीकडे कुणालाच नाही.

दिवसाला पंधराशे कॅलरी, असं दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ शोलपान कुट्टूची पेज आणि आंबट ताक मापाने द्यायची. दुपारचाही डबा देते म्हणाली, तर यानेच नको म्हटलं. घरच्या पातेल्यावर आकडा लिहिलेला नसतो, कँटीनच्या फळ्यावर असतो, हे त्याचं म्हणणं. आसावर जो आकडा कोरलाय त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, या शिस्तीत त्याचा जन्म गेला होता. तो आकडा खोटा असता तर गाड्या रुळांवर राहिल्याच नसत्या.

पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. शोलपान त्या दिवशी काट्यासमोर रडली. मग काटा जो शंभरावर रुसला तो रुसलाच. उन्हाळा सरत आला आणि तो एकदा चक्क एकशे एकवर गेला.

"बाबा, तुमची किडनी मला नकोच," अकमराल म्हणाली. ती गोठवलेली लिंबाची फोड चोखत बसली होती. पाणी तिला मोजून मिळायचं, म्हणून तहान लागली की हा उद्योग. "तिला चहाची इतकी सवय आहे की माझ्या पोटात जाऊन आधी किटली मागेल."

"चहाही सोडलाय."

"बघा, मग तर अजिबात नको. चिडकी असणार!"

तो हसला, पण रात्री पुन्हा पुन्हा तीच बेरीज करत राहिला. कुठे चुकतंय? फळ्याच्या आकड्यांनी तो पंधराशेच्या आतच होता. मग त्याने पाव सोडला. कोशिंबिरीवरचं तेल चमच्याने काढून टाकायला लागला. शेवटी खिडकीशी जाऊन म्हणाला, "वहिनी, उद्यापासून मला अर्धंच ताट द्या."

खिडकीतली बीबीगुल त्याच्या चुलतभावाची विधवा. कँटीनचं पातेलं पंधरा वर्षं तिच्या हातात होतं आणि दिराची थट्टा करायचा हक्क लग्नापासूनच.

"अर्धंच? आणि उरलेलं अर्धं कुणाला, भावजी? डेपोमागे एखादी लपवून ठेवलीय वाटतं!"

"भूकच नाही, वहिनी."

बीबीगुलच्या तोंडावरचं हसू गेलं. तिने त्याच्या गालांकडे पाहिलं, ते खरंच ओघळायला लागले होते. अर्धं ताट भरलं आणि पुढे सरकवलं.

तरी काटा हलेना. मग त्याचा फळ्यावरचाच विश्वास उडाला. फळा लिहिणाऱ्या मुलीला त्याने विचारलं, हे आकडे आणतेस कुठून? ती नखं रंगवत होती. "पुस्तकातून, अजून कुठून! पुस्तकात पुलाव चारशे ऐंशी आहे, मी चारशे ऐंशी लिहिते. पातेल्यात काय आहे ते पातेल्याला विचारा ना."

म्हणून एका दुपारी त्याने आपलं अर्धं ताट न खाता बरणीत भरलं, घरी नेलं, वर ऊन पाणी ओतून ढवळलं आणि बाहेरच्या खिडकीत ठेवून दिलं. सप्टेंबरची थंडी होती. सकाळी बरणीच्या तोंडाशी पांढरा थर बसला होता, बोटभर जाड.

"मेणबत्ती पाडताय का बाबा?" अकमराल म्हणाली.

शोलपानच्या स्वयंपाकाच्या काट्यावर त्याने तो थर खरवडून तोलला. चरबीच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, हे आता त्याला झोपेतसुद्धा पाठ होतं. गुणाकार केला, मग भात आणि मांस वेगळं करून तेही अंदाजाने मिळवलं. फळ्याच्या हिशोबाने त्या अर्ध्या ताटात दोनशे चाळीस असायला हवे होते. निघाले सातशेच्या वर. त्याने पुन्हा तोललं. मग बरणीला झाकण लावून तो खाली स्टुलावर बसला. इतके महिने तो उपाशी राहिला होता आणि इतके महिने तो पोटभर जेवत होता.

सगळ्या डेपोलाच हे लोक फसवताहेत, असं त्याच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी साहेबाकडे तक्रार करायची ठरवूनच तो आला. पुराव्यासाठी गेनाच्या ताटातला भात चमच्याने दाबून पाहिला. तेल सुटेना. आपल्या ताटातला दाबला, तर चमच्याभोवती तळं झालं. भाताखाली मेंढीच्या शेपटीच्या चरबीचे बारीक तुकडे पसरलेले होते, वरून एकही दिसू नये असे.

"माझ्याकडे काय बघतोस?" गेना म्हणाला. "वहिनी तुझी आहे. तुझ्या ताटाचे लाड होतात, आमच्या ताटाला कोण विचारतो! अख्ख्या डेपोला माहीत आहे."

अमानताय ताट घेऊन खिडकीकडे गेला. रांग अजून संपली नव्हती.

"हे काय आहे?"

बीबीगुल लाजली. चोरी पकडली गेल्यावर माणूस लाजतो तशी नाही. कौतुक होणार आहे असं वाटल्यावर लाजतो तशी.

"कळलं का शेवटी? अहो, मी बघत होते ना. आधी दुसऱ्यांदा ताट पुढे करणं सोडलंत, मग पाव, मग अर्ध्या ताटावर आलात. म्हटलं, पोरीच्या काळजीने घास उतरत नाहीये माणसाच्या. आमचे हे गेले तेव्हा मी अशीच वाळले होते. दोनच घास जातात ना, मग त्या दोन घासांत तरी ताकद जाऊ दे. तुम्ही जसजसं कमी खायला लागलात तसतशी मी वाढवत गेले. वर दिसलेलं तेल चमच्याने काढून टाकत होतात, म्हणून खाली लपवायला लागले."

कुणीतरी रांगेतून म्हणालं, "वहिनी असावी तर अशी!"

आणि अमानतायचा तोल सुटला. आयुष्यात तो कधी बायामाणसांवर ओरडला नव्हता. "मला वजन उतरवायचं होतं!" तो ओरडला. "पोरीला किडनी द्यायचीय मला! नव्वदच्या वर ते मला टेबलावर घेत नाहीत! बर्फ पडायच्या आत, म्हणाली ती... आणि तुम्ही मला खाऊ घालत होतात, वहिनी, तुम्ही मला खाऊ घालत होतात!"

बीबीगुल हातातल्या डावासकट बटाट्याच्या पोत्यावर बसली.

"मला का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाली. मग पुन्हा, "मला तरी सांगायचं होतं, भावजी."

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं. वाईट जीभ कुणाचीही असते, तिचीसुद्धा असू शकली असती, असं कसं म्हणणार?

त्या दिवसापासून बीबीगुल त्याच्यासाठी वेगळ्या पातेलीत मीठही न घालता कोंबडी उकडायला लागली. प्रत्येक तुकडा स्वतः तोलायची. वजन उतरायला लागलं, पण आपल्या गतीने, आणि बर्फ काही त्या गतीसाठी थांबणार नव्हतं. राजधानीतली तारीख जवळ आली तेव्हा काटा चौऱ्याण्णववर होता. मग त्याने कोंबडीही सोडली. रोज संध्याकाळी वाफेच्या न्हाणीघरात जाऊन बसायचा. अंगाला प्लास्टिक गुंडाळून रुळांच्या कडेने धावायचा. शेवटचे दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही. ओठ फुटले होते. अकमरालने आपल्या लिंबाच्या फोडीतली अर्धी पुढे केली, तीही त्याने घेतली नाही.

दवाखान्याच्या काट्यावर एकोणनव्वद आणि वर थोडं भरलं. डॉक्टरीणबाईंनी त्याची पाठ थोपटली. "शाब्बास! मला वाटलं नव्हतं." मग रक्ताचा निकाल आला आणि त्यांनी तो दोनदा वाचला.

"काय केलंत तुम्ही? अंगातलं पाणी आटवून आलात? तुमच्याच किडन्यांवर ताण आलाय. अशी किडनी काढून मी तिला काय देऊ?"

"पाणी पितो, बाई. आत्ता पितो. इथेच बसतो आणि पितो."

"दोन महिन्यांनी या," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि अमानतायला त्याचीच जास्त भीती वाटली. "नीट खा, प्या, आणि या."

तो तासकुदुकला परतला तेव्हा डेपोच्या छपरांवर पहिलं बर्फ होतं. डिसेंबरमध्ये अकमरालच्या मानेतली यंत्राची नळी पिकली. ताप रक्तात गेला. तीन दिवस ती अर्धवट शुद्धीत होती. अधूनमधून बालवाडीतल्या पोरांची नावं घ्यायची आणि हळूहळू बोला म्हणायची. चौथ्या दिवशी ती गेली.

शोलपान त्याच्याशी भांडली नाही. माती देऊन पुरुष परतले तेव्हा ती उठून त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सगळ्या कँटीनसमोर ओरडून सांगितलंत तुम्ही." नंतर हा विषय तिने कधी काढला नाही. काढायची गरजही नव्हती. तो रोज त्याच वाक्यात उठायचा आणि त्याच वाक्यात झोपायचा.

सातव्या दिवशी घरी जेवण होतं. बीबीगुल पहाटेपासून चुलीशी होती. गेलेल्या जिवाला तेलाचा वास पोचावा म्हणून तिने सात पोळ्या तळल्या, मग रिवाजाप्रमाणे घोड्याचं मांस उकळायला टाकलं. कुणाला कामाला हात लावू दिला नाही. म्हातारे वरच्या बाजूला, अमानताय त्यांच्याशेजारी. ताटं फिरली. बीबीगुलने त्याचं ताट स्वतः आणून ठेवलं.

त्यात कोरडं, पांढरट, रेघ न् रेघ साफ केलेलं मांस होतं. चार तुकडे. चरबीचा मागमूस नव्हता. सवयीने वाढलं गेलं होतं की तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं, देव जाणे.

अमानतायने ताटाकडे पाहिलं.

"वहिनी, चरबी वाढा."

"भावजी..."

"वाढा. आता मला कुणी काट्यावर उभं करणार नाही."

तिने वाढली. थोडी खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडली. मेंढीच्या शेपटीची चरबी, घोड्याच्या मानेची चरबी, वर रस्सा. तो मान खाली घालून खात राहिला. हनुवटीवरून तेल ओघळलं तरी पुसलं नाही. चावत होता, गिळत होता, पुन्हा चावत होता. दाराशी उभ्या असलेल्या शोलपानने तोंड फिरवलं.

"जेवतोय," शेजारचा म्हातारा दुसऱ्याला समाधानाने म्हणाला. "पोटात अन्न जातंय, म्हणजे सावरेल."

अमानतायने रिकामं ताट पुन्हा बीबीगुलपुढे धरलं.