पितळखोऱ्याचा गिलावा

अप्पांना मी पितळखोऱ्याला नेलं ते लेणी दाखवायला नव्हे, माझं काम दाखवायला. खोटं कशाला बोलू? दोन वर्षं मी त्या लेण्यातल्या चित्रांच्या तुटक्या कडा चुन्यानं बांधत होते आणि आमच्या घरात त्याचं कौतुक शून्य होतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गिलावा मिस्त्री. छावणीतले जुने बंगले असोत की वाळूजच्या नव्या कॉलन्या, चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती सारख्या केल्या. मी शिकून खुर्चीवर बसावं एवढंच त्यांचं म्हणणं. मी शिकले, जुनी चित्रं जतन करायचा कोर्स केला आणि थेट चुन्याच्या घमेल्यात हात घातला. तेव्हा ते एकदाच बोलले, "तुला मातीतून वर काढायला मी जन्म घालवला, अन् तू परत मातीतच." पुढं माझ्या कामाचा विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी काय कमी? मीही त्यांचीच लेक. मीही सांगणं बंद केलं.

माझं तिथलं काम आठवड्याभरात संपणार होतं, तेव्हा मायनं तोंड उघडलं. आता नाही गेलात तर कधीच जायचे नाहीत, असं तिनं अप्पांना सुनावलं, डबा बांधला आणि आम्हा दोघांना घराबाहेर काढलं. कन्नड येईपर्यंत गाडीत आम्ही फक्त कापसाच्या पिकाबद्दल बोललो.

डोंगरावर गाडी ठेवून पायऱ्या उतरायला लागलो. खाली दरी, दरीत ओढा आणि पलीकडं कातळात कोरलेली भिक्खूंची घरं. एवढ्या आडरानात ही माणसं राहिली कशी, असं तिथं येणारा प्रत्येकजण विचारतो. अप्पांनी विचारलं, "चुना भिजवायला पाणी कुठनं आणायचे?" मी ओढा दाखवला. मग त्यांचं समाधान झालं.

आत चैत्यात खांबांवर बुद्ध उभे आहेत, लाल, पिवळ्या, हिरव्या रंगातले. कुण्या दिवट्यांनी त्यांच्यावर खिळ्यानं आपली नावं कोरलीत. ती बघितली की अजून माझं डोकं फिरतं, एकेकाला धरून आणावं आणि वर्षभर चुना मळायला बसवावं. अप्पांचं ना चित्राकडं लक्ष ना नावांकडं. ते एका तुटक्या कडेपाशी वाकले आणि थर मोजायला लागले. दगड, दगडावर माती, मातीत भाताचं तूस, वर चुन्याचा कागदासारखा पातळ हात, मग रंग.

"तूस घातलंय बघ, भेगा पडू नाय म्हणून," ते म्हणाले. "आम्हीबी घालायचो."

आम्हीबी! दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला त्यांनी एका शब्दात आपल्या टोळीत घेऊन टाकलं. त्या क्षणी मला बापाचा लई अभिमान वाटला. पण तेवढ्यात त्यांचा हात वर गेला.

गिलावा मिस्त्रीचा हात भिंतीपाशी गप्प बसत नाही. बोट दुमडून टकटक करायचं, आत गिलावा सुटला असेल तर पोकळ वाजतं. अप्पा कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत भिंत ठोकतात. थोरल्या बहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांची भिंत ठोकली आणि चारचौघांत 'पोकळ हाय' म्हणून सांगितलं. लग्न टिकलं, गिलावा त्याच पावसाळ्यात खाली आला. हाताखालच्या माणसाचा तर त्यांना कधीच भरवसा नाही. वीस वर्षं बरोबर काम केलेल्यानं भिंत पक्की आहे म्हटलं तरी अप्पा स्वतः जाऊन ठोकणारच.

"ओ बाबा, हात लावू नका!" लेण्यावरचा पहारेकरी ओरडला.

अप्पांचा हात तसाच हवेत राहिला. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी भिंतीपासून लांब केलं नव्हतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. माझा पारा चढला, पण बोलू कुणाला? हा नियम मीच त्या पहारेकऱ्याला सतरा वेळा बजावला होता.

मग मीच पुढं झाले. कडा तपासणं हे माझं कामच. रंग सोडून, मी बांधलेल्या चुन्यावर, अलगद बोट वाजवायचं. कोर्समध्ये सरांनी हे शिकवलं तेव्हा मला हसू आलं होतं, कारण तो आवाज मी पाळण्यापासून ऐकत आले होते. मी एका टोकापासून वाजवत निघाले. अप्पा मान वाकडी करून ऐकत होते. सगळं भरीव वाजलं, आणि खाली एका जागी आवाज बदलला. आपल्याच कामात खोट निघाली, तीही बापासमोर. लपवता आलं असतं, त्यांचा कान आता पहिल्यासारखा राहिला नाही.

"इथं पोकळ आहे," मी म्हणाले. "माझंच राहून गेलंय. उद्या भरते."

अप्पा त्या जागेपाशी वाकले. त्यांचा स्वभाव मला माहीत होता, आता स्वतः ठोकून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. मी बाजूला सरकले. पहारेकऱ्याला हातानं थांब म्हटलं आणि त्यांना सांगितलं, अप्पा, चित्राला नको, या चुन्यावर एकदा वाजवून बघा.

त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"कशाला?" ते म्हणाले. "मिस्त्रीनं सांगितल्यावर परत ठोकायचं नसतं."

'मिस्त्री' म्हणाले. मला. चाळीस वर्षांत हा शब्द त्यांनी हाताखालच्या एकाही माणसाला दिला नव्हता.