अकराच्या अकरा जॅकेटं

“यल्ला, चला लवकर, हॅच बंद करा! माल नरम पडेल,” मालाचा एजंट ओरडत होता.

अमिरातीतलं फुजैरा बंदर, ऑगस्टची दुपार. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, होल्डमध्ये उणे अठरा. होल्ड म्हणजे जहाजाचं मालाचं तळघर, हॅच म्हणजे त्याचं झाकण. आमचं जहाज रीफर, म्हणजे तरंगता फ्रीजर, आणि आत फ्रोझन चिकनचे खोके. मी रेफ्रिजरेशन इंजिनिअर. माल थंड ठेवला की माझं काम संपलं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

उन्हाळ्यात इथे साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं. तेवढा वेळ होल्डही बंद. बंद करण्याआधी जॅकेटं मोजायची, ही आमची रीत. कोळशावर चालणाऱ्या जहाजांच्या काळापासून चालत आली आहे, असं जुने चीफ इंजिनिअर सांगत. आत जाणाऱ्याने खुंटीवरचं जॅकेट घालायचं, बाहेर आल्यावर परत टांगायचं. जॅकेटं पूर्ण, म्हणजे माणसं बाहेर.

“किती?” मी विचारलं.

“अकराच्या अकरा, सर,” मजुरांचा फोरमन म्हणाला.

मी मान डोलावली. हॅच बंद झाली, शिडीच्या दाराला कुलूप लागलं आणि मी होल्डमधले थंड हवेचे पंखे फुल स्पीडवर टाकले.

अर्ध्या तासाने एजंटने टॅली शीट मागितलं. किती खोके उतरले, त्याचा तो कागद.

“कासमभाईंकडे आहे,” फोरमन म्हणाला.

“आणि कासमभाई?” मी विचारलं.

फोरमन खुंटीवरची जॅकेटं पुन्हा मोजू लागला.

कासमभाई आमचे टॅली क्लार्क. दापोलीकडचे, साठीला टेकलेले, अंगाने किडकिडीत. कंपनीचं जॅकेट त्यांना ढगळ व्हायचं, म्हणून ते घरून आणलेला स्वेटर आणि स्वतःचा कोट घालत. हे सगळ्यांना माहीत होतं. मी तर त्यावरून त्यांची थट्टा करायचो.

धावत जाऊन आधी पंखे बंद केले. तेव्हा कुठे खालून ठोके ऐकू आले.

कासमभाई मागच्या थप्पीतले खोके मोजत राहिले होते. आत अडकल्यावर दाबायचं अलार्मचं बटण खोक्यांआड गेलेलं. अंधारात शिडी चाचपून ते उघड्या हाताने तिच्यावर लोखंडी हूक आपटत बसले होते. माझ्या पंख्यांपुढे तो आवाज कोणाला ऐकू येणार?

“साहेब,” स्ट्रेचरवर ते पुटपुटले, “मला वाटलं, तीनपर्यंत कोण येत नाय.”

जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कापावी लागली. लिहायचा हात तो.

“रिपोर्टमध्ये लिहा, प्रोसिजर फॉलो केली होती,” कंपनीचे मॅनेजर म्हणाले. “खोटं थोडंच आहे?”

खोटं नव्हतंच, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. मी ते वाक्य लिहिलं. त्याखाली लिहिलं, की कासमभाई कंपनीचं जॅकेट घालत नाहीत हे मला माहीत होतं, आणि हॅच बंद करायला मीच होकार दिला. सही केली.

कासमभाई कायमचे गावी गेले. त्यांना फोन करायचा धीर व्हायला मला महिना लागला.

जॅकेटं आजही मोजली जातात. मी मात्र एकेकाचं नाव घेऊन हाक मारतो, आणि प्रत्येकाची ‘ओ’ आल्याशिवाय पंख्याच्या बटणाला हात लावत नाही.