आमच्या गच्चीवरचे उमेदवार

मुरूमच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्याची गच्ची वर्षानुवर्षं फुकट ऊन खात होती. मला रिकामं काही बघवत नाही, डबा असो की गच्ची. मी परवानगी काढली, जाहिरातीसाठी लोखंडी सांगाडा उभा केला आणि उमरग्याचा एक ट्रॅक्टरवाला जवळजवळ पक्काही केला. सोमवारी जागा बघून तो करार करणार होता.

पण रिकामा सांगाडा दाखवायचा कसा? रविवारी माझ्या नवऱ्याचा, म्हणजे बाजारातल्या सगळ्यांच्या अण्णांचा, वाढदिवस होता. शुभेच्छांचा फ्लेक्स लावू म्हटलं, जागा भरलेली दिसेल. (कल्पना सर्वस्वी माझी. यांनी फक्त फोटो दिला.) फ्लेक्सवाल्यानं सवयीनं यांना पांढराशुभ्र सदरा घातला आणि हात जोडायला लावले. वाढदिवसासाठी त्याच्याकडं तेवढंच एक धड होतं.

सोमवारी कुलूप काढतानाच शेजारचे किराणावाले मामा आले.

"अण्णा, निवडणुकीला उभारायलाव म्हणं?"

हे नुसते हसले. संपलं! आमच्याकडं नुसता हसणारा माणूस हमखास उभा राहतो. दुपारपर्यंत एक आजी तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन आल्या, मंडळाची पोरं वर्गणीला आली, दोघं पक्ष विचारून गेले. दुकान गच्च भरलं होतं, भांडं मात्र कुणालाच नको होतं. त्यातच ट्रॅक्टरवाला पोचला.

"वहिनी, आमची गिऱ्हाइकं सगळ्याच पक्षांत हायेत. पुढाऱ्याच्या गच्चीवर ट्रॅक्टर न्हाय चढवता येत. आधी हे मिटवा."

मी तातडीनं मिटवलं. नवा फ्लेक्स: 'आम्ही निवडणूक लढवत नाही.' संध्याकाळपर्यंत गावभर झालं, तिकीट मिळालं नाही म्हणून अण्णा नाराज आहेत.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाचे नगरसेवक शाल-नारळ घेऊन हजर. यांच्या खांद्यावर शाल टाकून म्हणाले, आपल्यात नाराजी नको, वरच्या बोर्डावर आता आपलाच फ्लेक्स लागणार. मी लगेच भाड्याचा विषय काढला.

"घरच्या माणसाकडून भाडं घेताव व्हय, वहिनी?"

सकाळी बघते तर सांगाडाभर त्यांचा चेहरा, वर 'जाहीर पाठिंबा'. ट्रॅक्टर समोरच्या मेडिकलच्या गच्चीवर गेला. आमच्या वाट्याला बोर्डाचा खालचा कोपरा आला. तिथं हात जोडलेले हे, आणि शेजारी मी.

हे रोज म्हणतात, होईल ते होऊ दे, आज उतरवतोच.

मीच थांबवते. माझा फोटो इतका चांगला आजवर कधी आला नव्हता.