सुजाताचा वर्ग

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात टेंभी नाक्यावर नवरात्रातल्या देवीच्या रांगेत उभी होते. "मीनाताई, सुजाता गेली... सकाळी चहा घेता घेता," एवढंच तिचा नवरा बोलला. माझी धाकटी मावसबहीण ती. पण रडू येण्याआधी मला आठवलं ते माझं ऑफिस, आणि टेबलापलीकडे उभी असलेली सुजाता. दीड महिना झाला, त्याची लाज जात नाही.

बारा वर्षांपूर्वी मी डोंबिवलीतल्या एका शाळेची मुख्याध्यापिका होते. सुजाता तिच्या प्राचीला घेऊन आली. प्राची सहा वर्षांची. बोलणं उशिरा आलेलं, थोडा आवाज वाढला की कान झाकून खाली बसायची. कल्याणच्या पाच शाळांनी तिला परत पाठवलेलं. ठाण्याच्या विशेष शाळेत भलीमोठी प्रतीक्षायादी. "ताई, मागच्या बाकावर बसव गं. मी व्हरांड्यात थांबेन, काही झालं तर लगेच येईन." मी म्हणाले, "अगं, वर्ग भरलाय. आणि अशा मुलांसाठी आमच्याकडे शिक्षिका नाही." दुसरं खरं होतं. पहिलं खोटं. एक जागा होती, आणि पुढच्याच आठवड्यात ती मी नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाला दिली. तो सुजाताच्या दिराच्या इमारतीतला निघाला. म्हणजे तिला कळलं असणारच. तरी दिवाळीला ती फराळाचा डबा घेऊन आली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं...

ठाण्याचा नंबर लागलाच नाही. सुजाताने स्वतःच विशेष शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि आंबिवलीच्या घरात, बाहेरच्या खोलीत वर्ग काढला. आधी एकटी प्राची, मग चार मुलं, मग अकरा. मला कितीदा बोलावलं तिने. कधी शाळेची तपासणी, कधी माझे गुडघे. मी गेले नाही. नातेवाइकांत मात्र "आमची सुजाता बघा" म्हणून मिरवून घेतलं.

दिवसकार्य झाल्यावरच्या सोमवारी मी पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल ठेवलं. अठरा वर्षांची प्राची, कुणी न सांगता, चटया अंथरत होती. तेवढ्यात दारात एक बाई आली, हाताशी चारेक वर्षांची मुलगी. "सुजाताबाईंनी आज बोलावलेलं." मी काय झालं ते सांगितलं. ती पायरीवरच बसली. "मग आता हिला कुठे नेऊ?" मुलगी किंचाळायला लागली. तीस वर्षं शिकवलेली मी पुढे झाले, "रडू नको हं बाळा" म्हणत हात धरायला गेले, तर ती आणखीच किंचाळली.

प्राची येऊन तिच्यापासून हातभर अंतरावर बसली. बोलली नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. नुसती लाकडी मणी ओवत राहिली. बऱ्याच वेळाने मुलगी सरकत सरकत तिच्याजवळ आली आणि तिने एक मणी उचलला. "सुजाता अशीच बसायची, पहिल्या दिवशी," आतून आलेला सुजाताचा नवरा म्हणाला.

मुलं अजून येतात. वर्ग असा किती दिवस चालेल, माहीत नाही. मी दर सोमवारी जाते. शिकवत नाही. प्राची दाखवते त्या चटईवर, गप्प बसते.