खड्ड्याला पाणी घालणाऱ्या गोदाक्का

रोज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी गोदाक्का मागच्या भिंतीपाशी जाऊन एका खड्ड्यात कळशीभर पाणी ओतायच्या. खड्डा केवढा, तर परातीएवढा. मधोमध एक गंजका पाईप उभा आणि त्याच्यापासून निघालेली जाड वायर भिंतीवर चढत गेलेली. मी नोकरीला लागले त्या दिवशीच हे पाहिलं आणि मला वाटलं, असेल कुठलातरी देव. असं वाटणारी मी एकटी नव्हते. पाईपाला कुणीतरी हळदकुंकू लावलेलं होतं, आणि एकाने तर दसऱ्याला तिथे नारळ फोडला होता. मी विचारल्यावर गोदाक्कांनी नाक मुरडलं. "ह्यो देव न्हाय, ह्यो करंटाचा उकिरडा हाय. मशीनीतनं चुकून सुटलेला करंट ह्या वाटंनं जमिनीत जातो. ही वाट कोरडी पडली, की त्यो तुज्या अंगातनं वाट काढतो. म्हणून पाणी."

नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. बारामतीत भाजीपाला आणि फळं बाहेर पाठवणारी एक लहानशी सहकारी संस्था होती, तिथे मी तात्पुरती कारकून म्हणून चिकटले होते. काटेवाडीहून यायचे. गोदाक्का कागदोपत्री शिपाई. पणदऱ्याच्या, माळवं पिकवणाऱ्या घरातल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, वय पन्नाशीच्या पुढे. पण टाइपरायटर, सायक्लोस्टाईलचं मशीन, कागद कापायचं पातं आणि एक जुनं झेरॉक्स मशीन अशी चारही यंत्रं त्यांच्या ताब्यात होती. कमरेला खोचलेल्या रुमालात एक टेस्टर असायचा. दुसऱ्या बायका किल्ल्यांचा जुडगा बाळगतात तसा तो त्या बाळगायच्या.

मला मुळातच किळस फार, आणि त्या ऑफिसात दिवसातून दहा वेळा मळमळायचं. जिन्याच्या कोपऱ्यात पिंका, टेबलाच्या कडेला पुसलेला चुना, टाइपरायटरच्या खटक्यांमध्ये तंबाखूचा चुरा. पुरुष मंडळी कागद मोजताना अंगठा सरळ जिभेला लावायची. सचिव हणमंतराव तर तोंडातला पानाचा तोबरा या गालातून त्या गालात फिरवत मजकूर सांगायचे. त्यांची सही कागदावर उतरायच्या आधी त्यांची थुंकी उतरलेली असायची. तोच कागद मग माझ्या हातात. मी तो पदराने धरायचे आणि सगळे हसायचे.

एकट्या गोदाक्का हसायच्या नाहीत. यंत्राच्या खोलीच्या दारात त्या उभ्या राहायच्या आणि कुणीही आलं तरी एकच हुकूम, "हात दावा." नखात चुना दिसला, की आत प्रवेश नाही. मोठ्या हुद्द्याचा माणूस असला तरी नाही. "थुक्की लावून मोजल्याला कागद माज्या मशीनीत न्हाय घालायची. त्यो फुगतो, आत चिकाटतो, आन मग तुमी म्हणता मशीन खराब. मशीन न्हाय खराब. तुमी खराब." एकदा एक संचालक चिडून म्हणाले, "आक्का, आमी काय जनावरं हाय का?" गोदाक्का शांतपणे म्हणाल्या, "जनावरं बरी. जनावर गोठ्यात घाण करतं, गव्हाणीत न्हाय करत."

मला त्यांनी हाताशी धरलं ते बहुधा माझ्या तोंडावरची किळस पाहूनच. सगळं शिकवलं. कागद अडकला तर ओढायचा नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग आतला गरम रूळ निवेपर्यंत थांबायचं, आणि मगच बोट घालायचं. काळी पूड सांडली तर फुंकर मारायची नाही, नाकाला फडकं बांधून हळूच टिपून घ्यायची. कापायचं पातं काम झाल्याबरोबर खाली पाडून अडकवायचं. ते एकदा मी उभंच ठेवून चहाला गेले, तर परत येईपर्यंत आक्का त्याच्यापुढे राखणीला बसलेल्या. "च्या पिलीस? आता एखाद्याचं बोट हितं पडलं असतं म्हंजी त्ये उचलाया कोन येनार हुतं?" त्या दिवशी मी रडले. पण पातं पुन्हा कधी उभं ठेवलं नाही.

जुनं झेरॉक्स मशीन मेलं त्याची कथा तर फारच घाण. मशीन चाललं की वरून गरम होतं, हे मंडळींनी हेरलं आणि आक्का रजेवर असल्या की जेवणाचे डबे त्याच्यावर गरम राहायला ठेवू लागली. डब्यांतून आमटी पाझरली, तेल पाझरलं. वासाने उंदीर आले. एका सोमवारी मशीन सुरू केल्यावर जो वास सुटला, त्याने मी बाहेर जाऊन ओकले. आक्कांनी नाकाला पदर बांधला आणि झाकण उघडलं. आत उंदरांचं घरटं, कुरतडलेला कागद, आमटीचा वाळलेला थर आणि गरम रुळाला चिकटलेलं एक पिल्लू. आक्कांनी चिमट्याने सगळं एकेक करून काढलं, एका कागदावर मांडलं आणि तो कागद तसाच नेऊन हणमंतरावांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, डबा कुनाचा हुता त्ये वळखा."

हणमंतराव ते विसरले नाहीत. डबा त्यांचाच होता.

विजेचं हे ज्ञान कुठून आलं, असं मी एकदा विचारलं होतं. "म्हशीनं शिकवलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या शेतात मोटारीच्या पेटीपाशी गवत होतं. पावसाची भुरभुर होऊन गेलेली. म्हैस चरत चरत गेली, पत्र्याच्या पेटीला तिचं नाक लागलं आणि ती जागच्या जागी आडवी झाली. आठ लिटर दूध देणारी म्हैस. भावकीतले म्हणाले, करणी केली कुणीतरी. एकाने उताराही टाकला. आक्का मात्र वायरमनच्या घरी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "करणी असंल तर कशी केली त्ये मला दाव." त्याने अर्थिंगची तुटलेली वायर दाखवली. तेव्हापासून त्यांनी त्याच्याकडून एकेक गोष्ट विचारून घेतली. "लोकास्नी करणी पटती, वायर पटत न्हाय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

पुढच्या साली वार्षिक सभेच्या तोंडावर संस्थेने नवीन झेरॉक्स मशीन घेतलं. उद्घाटनाला बडे पाहुणे येणार म्हणून हणमंतरावांनी इमारतीला रंग दिला आणि मागच्या अंगणात गाड्या लावायला शहाबादी फरशी टाकून घेतली. आक्का तेव्हा चार दिवस पणदऱ्याला होत्या, पुतणीचं लग्न होतं. परत आल्या, कळशी घेऊन मागे गेल्या आणि कळशी तशीच घेऊन परत आल्या. खड्डा गेला होता. गवंड्याने पाईप उपटून भंगारात घातला होता, वायर छाटली होती आणि वरून फरशी गुळगुळीत बसवली होती.

आक्का सरळ हणमंतरावांच्या खोलीत गेल्या. मी मागे होते. "साहेब, फरशी उकरा. अर्थिंग न्हाय तवर मशीन चालू न्हाय करायची."

"आक्का, परवा सभा हाय. चारशे अहवाल काढायचं हायत. पाहुन्यास्नी काय खड्डा दावू?"

"एका दिसाचं काम हाय. नवा पाईप, मीठ, कोळसा. मी सोता उभी ऱ्हाते."

"आन न्हाय उकरली तर?"

"तर मी बटण दाबनार न्हाय. आन दुसऱ्या कुनाला दाबू देनार न्हाय."

हणमंतराव उठले, खिडकीतून नव्या फरशीवर पचकन थुंकले आणि माझ्याकडे वळले. "शैला, तुला येतं का गं चालवाया? तुजा नोकरीत कायम केल्याचा कागद माज्याकडंच हाय सहीला."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता. मी काय म्हणणार याची त्यांना खात्री होती, एवढंच. मी म्हणाले, "येतं."

त्याच दुपारी आक्कांची इंदापूरच्या शाखेत बदली झाली. मशीनला टेस्टर लावून पाहायचीही संधी त्यांना मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, आणि मी बटण दाबलं. मशीन छान सुरू झालं. मी कागद सरळ करायला बाजूच्या पत्र्याला हात लावला आणि बोटांना मुंग्या आल्या. कोपरापर्यंत गेल्या. मी हात काढला. हणमंतराव म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "आक्काचा करंट इंदापूरला गेला." त्यावरही हसले, आणि मीसुद्धा हसले.

मग मी उपाय शोधला. पायाखाली लाकडी पाट घेतला, रबरी चपला घातल्या, पत्र्याला हात लावायचं टाळलं. फरशी पुसणाऱ्या बाईला सांगितलं, मशीनजवळ ओलं फडकं आणायचं नाही. का, ते सांगितलं नाही. माझा कायमचा कागद महिन्याभरात हातात पडला. त्यावर हणमंतरावांच्या अंगठ्याचा लाल ठसा होता आणि मी तो आनंदाने पर्समध्ये ठेवला. थुंकीची किळस येणारी मी!

दिवाळीनंतर कामासाठी इंदापूरला गेले. आक्कांनी चहा दिला, घरची चौकशी केली, आणि मग हळूच विचारलं, "मशीन कशी हाय?"

"चांगली आहे."

"हाताला मुंग्या येत्यात का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न होता, मग तू गप का? त्याचं उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. "नाही आक्का," मी म्हणाले. "एकदाही नाही."

 आक्का म्हणाल्या, "मग माजंच चुकलं म्हणायचं. जमीन वलसर असंल तिथली. न्हायतर नव्या मशीनी तशाच येत असतील. सातवी शिकल्याली बाई मी, मला काय कळतंय." एवढं बोलून त्यांनी माझी कपबशी विसळायला नेली.

पुढच्या वेळी गेले तर इंदापूरच्या यंत्राच्या खोलीत एक कारकून जिभेला अंगठा लावून कागद मोजत होता आणि आक्का शेजारी बसून होत्या. त्यांनी पाहिलं. तोंड फिरवलं. मशीनवर पिवळट तेलाचा एक गोल डाग होता, डब्याच्या बुडाएवढा.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला हणमंतराव बारामतीहून जीपने गेले, मला बरोबर घेऊन. शाल, नारळ, भाषणं झाली. मग आक्का उभ्या राहिल्या. कधी माइकसमोर न बोललेली बाई. त्या म्हणाल्या, "एक गोष्ट मनात हाय, ती बोलून टाकते. बारामतीला असताना मी साहेबांच्या मशीनीला नाव ठिवलं, चार लोकांत त्यांना आडवी गेले. पन मशीन आज एवढी वर्सं चालती हाय, कुनाच्या केसालाबी धक्का न्हाय. माजं अज्ञान हुतं. साहेबांनी मोठ्या मनानं माफ करावं." आणि त्यांनी हणमंतरावांपुढे हात जोडले.

हणमंतरावांच्या तोंडात तोबरा होता, म्हणून त्यांना बोलता येईना. त्यांनी नुसतीच मान हलवली, मोठ्या मनाने. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत बसून मीही वाजवल्या.

निघताना आक्कांनी मला बाजूला घेतलं, हातावर पेढा ठेवला. "तू खरं सांगितलंस म्हणून बरं झालं बघ. न्हायतर हितं बसून रोज जीव टांगनीला लागायचा, पोरीला काय झालं तर. तू सांगितलंस आन सुखानं झोपाया लागले."

मी पेढा त्यांच्यादेखत खाल्ला.

त्यानंतर गोदाक्का चार वर्षं पणदऱ्यात होत्या. बारामतीहून तासाभराचीही वाट नाही. मी एकदाही गेले नाही. आणि त्या गेल्याची बातमी आली तेव्हा, खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. उंदराच्या पिल्लाची, पिंकांची, कुणाच्या अंगठ्याची किळस आता येत नाही. त्या सुटल्यासारखं वाटण्याची येते.