मिस अ‍ॅडेलाच्या कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

शोभाकाकूंचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. अमेरिकेत, श्रूजबरीत आम्ही उतरलो तेव्हा त्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायच्या. रिटायर्ड नर्स, नात्याच्या कुणी नाहीत. तरी ग्रोसरी असो की डेंटिस्ट, पहिली दोन वर्षं मी त्यांच्याच गाडीतून फिरले. त्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

विट्याच्या एसटी स्टँडवरून निघालो त्या दिवशी माझे वडील, अण्णा, आमच्या चाकांच्या बॅगांना सुतळी बांधत बसले होते. आमचे हे म्हणाले, "मामा, कुलूप आहे त्याला." अण्णा म्हणाले, "असू दे. तिकडं उघडली तर कुणाला हाक मारणार?" नणंदेनं केलेल्या ग्रीन कार्डाच्या कागदांचा नंबर कित्येक वर्षांनी लागला होता, आणि मला मात्र गाडी चुकली तर बरं, असं वाटत होतं.

अण्णा तंबू थिएटरचे ऑपरेटर. जत्रा उठली की तंबू पुढच्या गावाला, मागोमाग आम्ही. त्यात माझी शाळा सातवीलाच सुटली. इथे सगळ्यांची मुलं इंग्लिशमध्ये भांडतात, आणि मला "हाऊ आर यू" म्हटलं तरी घाम फुटायचा.

काकूंच्या ओळखीनं मला एका घरात झाडपुशीचं काम लागलं. घर मिस अ‍ॅडेलाचं. मूकपटाच्या काळातली ही हॉलिवूडची मोठी नटी. आता तिच्या घराचं छोटं म्युझियम केलंय. सत्तरीच्या पेगबाई ते सांभाळतात. हॉलमध्ये लाकडी तिकाटण्यावर हँडल फिरवायचा जुना कॅमेरा उभा आहे. मिस अ‍ॅडेला हॉलिवूड सोडून आली तेव्हा तिच्या कॅमेरामननं तो तिला दिला होता. पहिल्याच दिवशी मी व्हिडिओ कॉलवर अण्णांना तो दाखवला. लेक कशी आहे हे राहिलं बाजूला, "तेल घालतात का त्याला?" हा पहिला प्रश्न.

खंडेनवमीला अण्णा प्रोजेक्टर पुसून हळदकुंकू लावायचे. त्या दिवशी खेळ बंद. त्यामुळे इथली नवमी आली तेव्हा माझा हात आपोआपच गेला. कॅमेरा पुसला, तिकाटण्याच्या पायाला कुंकवाचं बोट लावलं, वाटेतल्या दुकानाबाहेरच्या कुंडीतला झेंडू ठेवला, नमस्कार करून घरी आले. हात लावायचा नाही अशी पाटी तिथे आहे. पण ती झाडपूस करणाऱ्या आमच्यासाठीही असते असं मला वाटलंच नाही.

सकाळी काकू दारात. "अगं, पेगचा फोन होता. विचारतेय, कॅमेऱ्याला रक्त कुणाचं लागलंय?"

पहिलंच काम, आणि तेही काकूंच्या शब्दावर मिळालेलं. गाडीत म्हटलं, "काकू, तुम्हीच सांगा ना तिला. मला नाही जमणार."

"कुंकू तू लावलंस, मी काय सांगू? मी शेजारी उभी राहीन."

आणि खरंच त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मी तोडकंमोडकं बोलले. माय फादर, टेंट सिनेमा, मशीन गिव्ह फूड, वन डे मशीन रेस्ट, वी से थँक यू. मध्ये शब्द सापडेना तेव्हा हातानं हँडल फिरवून दाखवलं. पेगबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा सांग, हळू." लाकडात मुरलेला लाल ठिपका काही निघाला नाही. त्यांनी तो तसाच ठेवला. म्हणाल्या, "शनिवारी लोक येतात ना, त्यांना हे तू सांगायचं."

आता दर शनिवारी सांगते. अ‍ॅडेला गिरणी कामगाराची पोर. शाळा सोडून आधी गिरणीत, मग पश्चिमेला हॉलिवूडला. गर्दीत उभं राहण्यापासून सुरुवात, आणि चारेक वर्षांत पोस्टरवर सगळ्यात वर तिचं नाव. बोलपट आले, तिनं एकच केला, आणि ऐन भरात गावी परतली. मुलाखत नाही, फोटो नाही. वाणी सामान मागच्या दाराशी ठेवून जायचा. लोक हटकून विचारतात, एवढी का लपली? मी म्हणते, मला माहीत नाही; पण तिला परत यायला घर होतं, ती आली.

माझं घर कुठलं, विट्याचं की इथलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण त्या दिवशी माझी चूक मी माझ्या तोंडानं सांगितली आणि कुणी मला जा म्हणालं नाही, तेव्हापासून श्रूजबरीत मी बॅगा भरून ठेवल्यासारखी राहत नाही.

काकूंना हल्ली डोळ्यांमुळे हायवे झेपत नाही. लेक जर्सी सिटीत, ती बोलावते, आणि या "बघू" म्हणतात. माझी गाडी शिकायच्या परमिटची टेस्ट झाली, रोड टेस्ट पुढच्या महिन्यात आहे. काकू, एकदा नापास होईन, दोनदा होईन. पण तुम्हाला लेकीच्या दारात मीच नेऊन सोडणार, आणि तुम्ही फक्त शेजारी बसायचं.