दुखतंय म्हणायचं नाही

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या मुलांना सूर्यकांत पाटणकरांच्या चहाची धास्ती होती.

पाटणकर सरकारी खात्यात अप्पर डिव्हिजन क्लार्क. ऑफिसात कुणी फाईल आपटली तरी ‘जी सर’ म्हणून मान खाली घालणारा हा माणूस संध्याकाळी क्वार्टरमागच्या कडुलिंबाखाली आला की वाघ व्हायचा. कडुलिंबाच्या जाड फांदीला त्यांनी मिरजेहून आणलेले तीन सुती दोर बांधले होते. आधी जोर, मग बैठका, मग दोरीचा मल्लखांब. दोराला गाठ नाही की आधार नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून वर चढायचं, वर जाऊन आसनं करायची, खाली उतरून दोराला हात जोडून सलामी द्यायची. आणि अंगातला जोर संपला की रोज तिघातिघांनी दोन्ही हातांनी नुसतं लटकून राहायचं. किती वेळ, तर पाटणकरांचा चहा संपेपर्यंत. बशीत ओतून, फुंकर घालून ते इतक्या निवांतपणे चहा प्यायचे की मुलांचे हात खांद्यातून निखळायची वेळ यायची. म्हणून त्यांच्या पत्नी अलकाताई मुद्दाम अर्धाच कप पाठवायच्या, तोही कोमट. पाटणकरांना वाटे, बायको साखरेत काटकसर करते.

तालमीचा नियम एकच होता. दुखतंय म्हणायचं नाही.

हा नियम त्यांनी कुठल्या गुरूकडून घेतला नव्हता. विशीत नोकरीसाठी दिल्लीला आले तेव्हा करोल बागेतल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, ते एकटे राहत. भर जूनमध्ये तापानं फणफणले. पत्र्याखाली पडून कण्हले, पण ऐकणार कोण? घरमालक खाली रेडिओ ऐकत होता. शेवटी ताप अंगावर काढून ते उठले आणि ऑफिसात गेले. तेव्हापासून त्यांची खात्री पटली की परमुलखात आपलं दुखणं आपल्यापाशी ठेवणारा तेवढा टिकतो. एका तापावर अख्खं तत्त्वज्ञान उभं करायला माणूस हट्टीच लागतो, आणि पाटणकर हट्टाला पक्के होते.

संक्रांतीच्या सुमारास ते सगळ्या पोरांना बसनं पानिपतला, काला अंबच्या स्मारकाशी घेऊन जायचे. थंडीत कुडकुडत मुलं रांगेत उभी राहायची आणि पाटणकर सांगायचे, “इथं आपली माणसं उपाशीपोटी लढली. कुणी हूं की चूं केलं नाही. नाहीतर तुम्ही! जरा तळहात सोलला की आईकडे पळता.”

एका वर्षी शेजारच्या ब्लॉकमधल्या कुमुदनं विचारलं, “पण काका, आपण तर हरलो होतो ना?”

पाटणकर रागावले. परत येताना बसमध्ये त्यांनी कुमुदला सगळ्यांत मागं बसवलं. पुढं एकदा दोरानं मांडी भाजली तेव्हा कुमुद सगळ्यांदेखत भोकाड पसरून रडली, पाटणकरांनी तिला ‘रडूबाई’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. शहाणी पोरगी.

राहिली वृंदा. पाटणकरांची एकुलती एक मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची. तिला कडुलिंबाखाली ‘बाबा’ म्हणायची मुभा नव्हती, तिथं ‘सर’. चहा संपला तरी तिनं खाली उतरायचं नाही, बशी धुऊन येईपर्यंत लटकायचं. घरच्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून हे दुप्पट माप. वृंदानं कधी तोंड वाकडं केलं नाही. दोरावर ती चढायची तेव्हा तिच्या पायांचा आवाजसुद्धा होत नसे. त्या वर्षी दिल्लीच्या संघाची निवड व्हायची होती आणि पाटणकरांच्या मते वृंदाचं नाव त्यात धरून चालायला हरकत नव्हती.

दिवाळीनंतर ती आईकडून वेणी घालून घ्यायला लागली. इतकी वर्षं स्वतःची स्वतः घालायची, आता रोज सकाळी फणी घेऊन आईपुढं बसायची. “तू घातलेली जास्त छान दिसते,” म्हणायची. अलकाताईंना बरं वाटलं. मोठी होतेय तशी लेक जवळ येतेय, असं त्या पाटणकरांना म्हणाल्याही. “लाड करू नकोस,” एवढंच पाटणकर म्हणाले.

निवड होळीच्या आधीच्या आठवड्यात होती. वृंदा वर गेली, पद्मासन झालं, टाळ्या पडल्या. मग एका हातावर तोल घेताना तिचा उजवा हात एकदम दोरावरून सुटला. ती सरसरत खाली आली, गादीवर पडली, आणि लगेच उभी राहिली. हे लगेच उभं राहणं पाटणकरांनीच शिकवलं होतं. तिनं दोरापुढं एकच हात छातीशी नेऊन सलामी दिली.

पाटणकर पुढं झाले. आपली मुलगी पडली याची लाज त्यांच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत चढली होती. ते हलक्या आवाजात म्हणाले, “दोन्ही हातांनी. सलामी दोन्ही हातांनी देतात.”

वृंदानं डाव्या हातानं उजवा हात मनगटाशी धरला, उचलला आणि दोन्ही तळवे जोडले. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तेव्हा कुठं बापाला कळलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिलाच विचारलं, “बेटा, ये दर्द कब से है?”

“दिवाली के बाद से,” वृंदा म्हणाली.

डॉक्टरांनी पाटणकरांकडे पाहिलं. वाढत्या वयात सांध्यावर इतका ताण दिला, वर दुखणं दाबलं, त्यामुळे आत फाटत गेलंय, आधी आणली असती तर विश्रांतीनंच भागलं असतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ते रागावले असते तर पाटणकरांना सोपं गेलं असतं. ऑपरेशन झालं, पण उजवा हात कानाच्या वर जाईना, तो कायमचाच. अलकाताई त्या रात्री एवढंच म्हणाल्या, “अहो, रोज वेणी मी घालत होते. मला कसं कळलं नाही?” त्यांचं बोलणं पाटणकरांना शिवीपेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फांदीचे दोर सोडले. वृंदानं केस कापून टाकले आणि त्याबद्दलही ती काही बोलली नाही.

पाटणकर वाट पाहत राहिले. ही कधीतरी भांडेल, ‘बाबा, तुम्ही माझं वाटोळं केलंत’ म्हणेल, आपण ऐकून घेऊ, मग पाय धरायचे तर पायही धरू. वृंदा शिकली, नोकरीला लागली, लग्न करून गुडगावला गेली. ती भांडली नाही.

निवृत्त होऊन मयूर विहारच्या सोसायटीत राहायला गेल्यावर पाटणकरांनी पुन्हा दोर बांधला, बागेतल्या लोखंडी कमानीला. पण आता तालमीचं पहिलं काम वेगळं होतं. मुलं रांगेत उभी राहिली की ते एकेकापुढं वाकून विचारत, “कहाँ दुख रहा है?” मुलं वस्ताद. कुणाचं होमवर्क करून बोट दुखे, कुणाची शेंडी. पाटणकर सगळ्यांचं खरं मानून त्यांना बाकावर बसवत. एकही मूल कधी स्पर्धेला गेलं नाही. सोसायटीतल्या आया मात्र त्यांच्यावर खूश होत्या.

वृंदा दर रविवारी आपल्या आठ वर्षांच्या सुनीतीला तिथं आणायला लागली, तेव्हा पाटणकरांना वाटलं, हीच क्षमा. तोंडानं बोलायचा तिचा स्वभाव नाही, म्हणून पोर आपल्या हवाली केली. त्या हिवाळ्यात ते रविवारची वाट एखाद्या शाळकरी मुलासारखी पाहत.

एका रविवारी सुनीती म्हणाली, “आजोबा, कोपर दुखतंय.” पाटणकरांनी तिचा दोर सोडवला, कोपर दाबून पाहिलं, थोडी सूज होती. “आज बस,” म्हणाले. समोरच्या बाकावरून वृंदा हे बघत होती.

गाडीपाशी ती म्हणाली, “बाबा, पुढच्या रविवारपासून हिला मी इथे नाही आणणार.”

“का ग?”

“आमच्याकडे एक जिम्नॅस्टिक्सची अकॅडमी आहे. कोच एकदम स्ट्रिक्ट आहे. तुम्ही आता फार सॉफ्ट झालात बाबा. ही इथे नुसते बहाणे शिकतेय यार.” मग ती हसली, अगदी मायेनं. “तो बिल्कुल पूर्वीच्या तुमच्यासारखा आहे.”

पाटणकरांनी गाडीच्या दाराला हात टेकला.

“मी आज जी आहे ना, ती तुमच्यामुळे,” वृंदा म्हणाली. “हिच्या वेळी नर्स काय म्हणाली होती, माहितीये? ऐसी पेशंट नहीं देखी, मुँह से आवाज़ तक नहीं निकली. हिलाही तसंच करायचंय मला.”

“वृंदा,” पाटणकर म्हणाले. वीस वर्षं हे वाक्य बोलायचं राहिलं होतं. “तुझा खांदा माझ्यामुळे गेला.”

“काहीतरीच काय बाबा. पडले म्हणून गेला. मी कधी तुम्हाला म्हटलं का, दुखतंय म्हणून?”

“नाही. कधीच नाही म्हणालीस.”

“मग? उगाच मनाला लावून घेता.”

तिनं डाव्या हातानं दार ओढून घेतलं. पाटणकर मागच्या खिडकीपाशी गेले, वाकले आणि सुनीतीला विचारलं, “कोपर कसं आहे ग आता?”

सुनीतीनं आधी आईच्या पाठीकडे पाहिलं.

“नहीं दुख रहा, आजोबा,” ती म्हणाली, आणि तिनं कोपर स्वेटरखाली दडवलं.